अकरानंतरचा दिवस

शनिवारी सकाळी बांचा फोन आला तेव्हा मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कण्यांचा भात खात होते. प्लास्टिकच्या ठेंगण्या खुर्चीवर बसून, मांडीवर एका कादंबरीची मुद्रितं ठेवून. सायगॉनमधल्या माझ्या शनिवारच्या सकाळी अशाच जातात. "उयेन, ती निळी चौकट परत आली," बा म्हणाले. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "काय म्हणते चौकट?" "म्हणते, तुमची सिस्टीम जुनी झाली. खाली दोन बटणं. एक 'आता करा', एक 'नंतर आठवण करा'. कुठलं दाबू?" "नंतरचं दाबा." "कालही नंतरचंच दाबलं." "मग आजही दाबा. मी आले की बघते ना." "कधी येतेस?" "हा नाही, पुढचा शनिवार." "बरं. दाबतो नंतरचं." माउसचा टक् असा आवाज मला इकडे ऐकू आला. मग त्यांनी सांगितलं की आई विन्ह लाँगला मावशीकडे श्राद्धाला गेलीय, उद्या येईल. की बाजारात चांगली मरळ मिळाली म्हणून घेतली, पण एकट्यासाठी कोण सार करत बसणार, फ्रीजमध्ये टाकलीय. मी म्हटलं, बाहेरून काहीतरी आणून खा. ते म्हणाले, बघू. एकूण दोन मिनिटं. मी उरलेला भात संपवला, एका पानावर दोनदा आलेला परिच्छेद खोडला, दुपारी कपडे धुतले, संध्याकाळी पावसाची एक सर आली आणि वाळत घातलेले कपडे आत घेतले. हे सगळं मी इतकं बारीक लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवसात साधं नसलेलं काहीतरी सापडावं म्हणून मी तो पुष्कळदा उलटापालटा करून पाहिलाय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तरी तसं काही सापडत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता आई कान थोला, आमच्या घरी, परतली तेव्हा बा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत होते, कपाळ टेबलावर टेकलेलं, चष्मा बाजूला घडी करून ठेवलेला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिला, बोटं वाकवून पाहिली आणि म्हणाले, रात्रीच, नऊ-दहाच्या सुमाराला. देवळातल्या भिक्षूंनी त्यावरून पांढऱ्या कापडावर तिथी लिहिली: चांद्र आठव्या महिन्याची एकोणिसावी. तीच पुढे दगडावर कोरली गेली.

आता त्याला वर्ष उलटलं. यंदा सहावा महिना अधिक आला, त्यामुळे वर्षश्राद्ध बरंच पुढे गेलं, शुक्रवारी दहा ऑक्टोबरला. मी दोन आठवड्यांची रजा काढून आले आहे आणि बांच्या खुर्चीत बसून त्याच निळ्या चौकटीकडे बघते आहे. रोज सकाळी ती येते. रोज मी नंतरचं बटण दाबते. फरक इतकाच की आता कुठलं दाबू असं मी कुणाला विचारत नाही. खरं तर यात ठरवायचं ते फार नाही. माझा भाऊ त्रिएत ब्रिस्बेनला असतो, त्याचा मुलगा चार वर्षांचा, घरातलं नाव कोळंबी. दर रविवारी आई या पडद्यासमोर बसून कोळंबीशी बोलायची. आईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग पडलाय. कडेनं दिसतं, समोरचं दिसत नाही. फोनवर तिला नातवाचा चेहरा म्हणजे बोटाएवढा धूसर ठिपका. या मोठ्या पडद्यावर मात्र मान थोडी वाकडी करून, तिरपं बघत, तिला त्याचे दात मोजता यायचे. महिन्यापूर्वी ते बंद झालं. बोलायची सोय पुरवणाऱ्यांनी जुन्या सिस्टीमवर चालणं थांबवलं. नवी सिस्टीम घातली की कोळंबी परत दिसेल. पण नव्या सिस्टीमवर बांचा प्रोग्रॅम चालणार नाही.

"अगं ताई, नवा घेऊन टाक ना," त्रिएत फोनवर म्हणाला. "मी देतो. जुना बाजूला ठेव, पूजा कर त्याची." मी हे आईला सांगितलं. ती सोफ्यावर बसून हिरव्या शेंगांच्या शिरा काढत होती, बोटांनी चाचपत. "घरात दोन-दोन?" ती म्हणाली. "एक मेलेल्याचा, एक जिवंतांचा? तुझ्या भावाला सांग, पैसे जास्त झाले असतील तर विमानाचं तिकीट काढ आणि पोराला इथं आणून दाखव." मग थोड्या वेळानं, शेंगेकडेच बघत, म्हणजे शेंगेच्या जरा बाजूला बघत: "मी काही म्हणत नाही. तुझ्या बांचं आहे ते. तू ठरव." आई काही म्हणत नाही असं म्हणते तेव्हा तिनं बरंच काही म्हटलेलं असतं. गेल्या रविवारी ती फोन कानाला लावून कोळंबीशी बोलत होती आणि बोलता बोलता तिनं मान वाकडी केली, तिरपी, सवयीनं. समोर भिंत होती.

प्रोग्रॅमही काही मोठा नाही. बा आयुष्यभर जलमार्ग खात्यात होते, नदीकाठच्या पट्ट्यांवरून पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. हाउ नदीचं पाणी तिथीवर चालतं. पंधरावीला आणि तिसाव्या दिवशी वर येतं, मधे ओसरतं. म्हणून पंचांग त्यांना पाठ होतं. खात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी स्वतःच शिकून, चाळिशी उलटल्यावर, एक हिशेब बसवला: कुठलीही तारीख घाला, तिथी मिळते, कुठलीही तिथी घाला, त्या वर्षीची तारीख मिळते, अधिक महिन्यासकट. सुरुवात भरती-ओहोटीसाठी झाली. मग कुणीतरी विचारलं, आमच्या आजोबांचं श्राद्ध यंदा कधी येतं हो. मग दुसऱ्या कुणी. निवृत्तीनंतर ते सगळं त्यांनी घरी आणलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मात्रा-चिन्हांशिवायची भाषा, जणू कुणी कुजबुजतंय. नाव, गेल्याची तारीख, गेल्याची वेळ. आमच्या घराण्यातले आणि गल्लीतले मिळून एकशे त्र्याऐंशी मेलेले त्या पेटीत आहेत. चांद्र वर्ष संपत आलं की गल्लीतल्या बायका दारात चपला काढून रांगेनं बसायच्या आणि बा एकेकीला पुढच्या वर्षाची चिठ्ठी लिहून द्यायचे. लहानपणी नाही, मोठेपणीच मला याचा संकोच वाटायचा. मी पुस्तकांत काम करणारी. सुट्टीला आले की दारातल्या चपला ओलांडून आत जायचे आणि मनात म्हणायचे, आता हे फोनवर कुणालाही मिळतं.

कॉम्प्युटरच्या आतला सेल कधीच मेला होता. त्यामुळे तो दर सकाळी दोन हजार दोन सालच्या एक जानेवारीला जागा व्हायचा आणि बा त्याला हाताला धरून आजच्या तारखेपर्यंत आणायचे. दिवस, महिना, वर्ष. सेल दहा मिनिटांत बदलून मिळाला असता. पण बा म्हणायचे, "असू दे. ज्या दिवशी मला तारीख आठवणार नाही त्या दिवशी तुम्हाला कळेल तरी." आम्ही हसायचो. मी आल्यावर पहिल्या सकाळी यंत्र सुरू केलं तेव्हा ते दोन हजार दोनमध्येच होतं. मी तारीख बदलली नाही. दोन हजार दोनमध्ये बा त्रेपन्न वर्षांचे होते, मी विद्यापीठात होते, आईला समोरचं दिसत होतं. मी तशीच बसून राहिले. मग आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "लागला का गं?" मी म्हटलं, "लागतोय."

मंगळवारी दुपारी मी ताम काकांच्या दुकानात गेले. बाजाराच्या मागे, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यापर्यंतची चड्डी, दातांत नेहमी एक काडी. "या या, सायगॉनच्या बाई," ते म्हणाले. "शेवटी आलात. मला वाटलं, यंत्रालाही तीन वर्षं सुतक पाळायला लावता की काय." मी विचारलं, जुनं न पुसता नवं वरून घालता येत नाही का. "ही घराची डागडुजी नाही बाई, पाडून बांधणं आहे. तुमच्या बांचा प्रोग्रॅम इतका जुना आहे की नवी सिस्टीम त्याला दारातच उभं करते. म्हणते, कोण आपण? खटपट करून डब्यात डबा घालून चालवता येतो म्हणा. पण चालवणार कोण? तुम्ही सायगॉनला. तुमच्या आईंना दिसत नाही. त्यातली नावं-तारखा कागदावर उतरवून घ्या आणि सोडा." मग काडी दाताच्या दुसऱ्या बाजूला नेत ते म्हणाले, "त्यांनाही हेच सांगितलं होतं मी. त्या शनिवारी." मी विचारलं, कुठल्या शनिवारी. "गेले त्याच. दुपारी आले होते. इथंच बसले, बर्फाचा चहा प्यायले. म्हणाले, ताम, करून टाकू. म्हातारीला नातू पुढेही दिसत राहिला पाहिजे, मेलेल्यांना काय, ते वाट बघतात. सोमवारी ये, म्हणाले. मग उठताना म्हणाले, थांब, पोरीला विचारून सांगतो."

मी दुकानातून बाहेर आले आणि चुकीच्या दिशेनं चालू लागले. पुलापर्यंत गेल्यावर लक्षात आलं. पुलाखाली पाणी उतरत होतं, कडेचा चिखल उघडा पडला होता. मी मनातल्या मनात तिथी मोजली. बांची मुलगी असून मला ती बोटांवर मोजावी लागते.

आता ते लिहिते. त्या शनिवारी बांचा फोन दोनदा आला. दुसऱ्यांदा रात्री सव्वाअकराला. मी पलंगावर वाचत पडले होते, झोपले नव्हते. फोन थरथरला, पडद्यावर 'घर' असं नाव आलं. मी ते वाचलं. मला वाटलं, निळी चौकट. मी फोन उपडा करून पुस्तकाशेजारी ठेवला आणि तो थांबेपर्यंत त्याच्याकडे न बघता त्याच्याकडे लक्ष देऊन राहिले. खूप वेळ वाजला. मग मी पुढचं पान वाचलं. ते पान मला आजही जवळपास पाठ आहे आणि त्यात काहीही विशेष नाही. घरचा फोन तारेचा. त्यात कुणी कुणाला लावला याची नोंद राहत नाही. माझ्या फोनमध्ये ती नोंद होती, लाल अक्षरांत. पुढच्या चार दिवसांत इतके फोन आले-गेले की ती खाली खाली सरकत गेली, आणि एक दिवस मी शोधायला गेले तर यादीच तिथवर पोचत नव्हती. रविवारी आईनं रडत सांगितलं, "नऊ-दहालाच गेले गं, डॉक्टर म्हणतात, त्रास नाही झाला." मी म्हटलं, "हं." तेवढंच. भिक्षूंनी कापडावर लिहिलेली तिथी, दगडावरची अक्षरं, नातेवाइकांना गेलेली आमंत्रणं, सगळं त्या एका 'हं'वर उभं आहे.

कारण आमच्याकडे दिवस रात्री अकराला उलटतो. उंदराचा प्रहर लागला की उद्या सुरू. अकराच्या आधी गेलेला माणूस एकोणिसावीचा, नंतर गेलेला विसावीचा. सव्वाअकराला ज्यानं फोन लावला तो माणूस विसावीला गेला. म्हणजे यंदाचं श्राद्ध शुक्रवारी नव्हे, शनिवारी. बा हयातभर लोकांना हेच विचारत आले: वेळ सांगा, वेळ महत्त्वाची. एका दिवसाची चूक म्हणजे काय, तर माणूस जेवायला येतो आणि भांडी घासून पालथी घातलेली असतात.

मी या गोष्टींवर विश्वास ठेवते का, हे मला सांगता येत नाही. सायगॉनच्या माझ्या खोलीत नाही ठेवत. इथं, उदबत्तीचा वास असलेल्या या खोलीत, बांच्या फोटोकडे पाठ करून बसलं की मानेला काहीतरी जाणवतं. पण प्रश्न तिथीचा असता तर मी केव्हाच काहीतरी बनवून सांगितलं असतं. शेजाऱ्यांनी दिवा बघितला, कुणी रेडिओ ऐकला. प्रश्न आईचा आहे. त्या रात्री दहाला विन्ह लाँगमध्ये बहिणींबरोबर पत्ते खेळताना तिच्या मनात आलं होतं की घरी फोन करावा. मग तिला वाटलं, झोपले असतील, कशाला उठवा. हे तिनं मला वर्षभरात कितीदा तरी सांगितलंय, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच: "केला असता तरी काय, तोवर संपलंच होतं." या वाक्यावर ती झोपते. मी जर म्हटलं की सव्वाअकराला बा फोन लावू शकत होते, तर दहाला ते फोन उचलूही शकत होते. माझा दगड उचलून मी तिच्या छातीवर ठेवायचा, आणि वर म्हणायचं, तिथी तरी बरोबर झाली.

आणि तो फोन कशाचा होता? ताम काकांचं ऐकल्यापासून मी याभोवती फिरते आहे. पोरीला विचारून सांगतो. मग तो सिस्टीमचाच होता, म्हणजे मला वाटलं ते बरोबरच होतं, म्हणजे मी न उचलण्यानं बिघडलं काहीच नाही. पण असलं काही विचारायला पंचाहत्तर वर्षांचा माणूस रात्री सव्वाअकराला फोन करतो का? बा नऊला झोपणारे. छातीत कळ आली असेल तर ते कुणाला लावतील? आणि कळ आलेला माणूस चष्म्याची घडी करून ठेवतो? एक उत्तर धरलं की दुसरं हातातून निसटतं. निसटलं की मी निळ्या चौकटीवर नंतरचं बटण दाबते. मला आता कळतं की मी प्रोग्रॅम वाचवत नव्हते. तो पुसायचा तर आधी त्यातलं सगळं कागदावर उतरवायला हवं, आणि सगळ्यांच्या शेवटी एक नाव अजून घालायचं राहिलंय, आणि ते घातलं की काळा पडदा वेळ विचारणार.

बांनी स्वतः काय केलं असतं, हेही मला ठाऊक आहे असं वाटायचं. पलीकडच्या घरात साउ आजी राहतात, आता नव्वदीच्या. त्यांचा नवरा लढाईत गेला, अडुसष्टच्या नववर्षाच्या दिवसांत. त्या वर्षी उत्तरेचं आणि दक्षिणेचं पंचांग एका दिवसानं वेगळं होतं. तिकडे वर्ष एक दिवस आधी लागलं. आलेल्या कागदावरची तिथी तिकडची होती आणि आजी इकडच्या हिशेबानं चाळीस वर्षं श्राद्ध घालत होत्या. बांनी पडद्यावर ते पाहिलं आणि नेहमीच्या सवयीनं बोलून गेले. आजींनी विचारलं, "म्हणजे चाळीस वर्षं तो आला तेव्हा घरात काहीच नव्हतं?" मी तेव्हा त्या खोलीत होते. बा, ज्यांनी आयुष्यात पट्टीवरचं पाणी अर्ध्या बोटानंही वर-खाली लिहिलं नाही, ते म्हणाले, "नाही हो आजी, माझीच चूक. त्या वर्षी दोन्ही दिवस धरतात. तुमचा बरोबर आहे." त्या गेल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ अंगणात नळी धरून उभे राहिले, भिजलेल्या कुंड्यांना परत पाणी घालत. तेव्हापासून मी हे धरून बसले आहे: खरं ते खरं, पण माणसाला झोप लागायला हवी.

बुधवारी सकाळी जेवणाची यादी करताना आई म्हणाली, "किती दिवस बघत बसणार आहेस त्याच्याकडे? हो तर हो, नाही तर नाही. तुझे बाही असेच. कारल्याची भाजी घ्यायची की दोडक्याची, यावर माणूस बाजारात उन्हात उभा." मी ताम काकांना फोन केला आणि उद्या सकाळी या म्हटलं. ते म्हणाले, "नक्की? का परत आठवण करू?" मी म्हटलं, नक्की. मग आई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. मी पडद्यावरचं एकेक नाव मोठ्यानं वाचायची, आई "बरोबर" म्हणायची आणि मी वहीत लिहायची. आईला बहुतेक सगळं पाठ होतं. पणजोबा, तिसऱ्या महिन्याची सातवी, पहाटे. "बरोबर. विहिरीवर पडले." बांची मोठी बहीण, दहावा महिना, दुपारी. "बरोबर. हिनं मला लग्नात जुनी चप्पल दिली होती." नदीत बुडालेला एक मुलगा, ज्याचं नावच नव्हतं, फक्त 'थोरल्या काकांचा धाकटा'. "बरोबर. लिही त्यालाही." दुपार झाली, आईनं मधे उठून भात टाकला, आम्ही जेवलो, परत बसलो. कितीतरी वर्षांत मी आईच्या इतक्या जवळ इतका वेळ बसले नव्हते. तिच्या केसांना शिकेकाईच्या पाण्याचा वास येत होता. मला वाटलं, हे संपू नये. आणि वाटलं, लवकर संपावं.

साउ आजींच्या नवऱ्याचं नाव आलं. मी वाचलं. तिथी बांनी बदललेली नव्हती, उत्तरेचीच होती, खरी. "यांची मात्र आजींना माहीत असलेलीच लिहिते," मी म्हटलं. "बांनी तसंच सांगितलं होतं."

आई हसली. "तुझ्या बांना खोटं बोलता येत होतं होय? कान लाल होतात माणसाचे. सगळ्या गल्लीला दिसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. साउला त्याच दिवशी कळलं. ती तेव्हापासून दोन्ही दिवस ताट मांडते. एका दिवशी नवऱ्यासाठी, दुसऱ्या दिवशी तुझ्या बांना वाईट वाटू नये म्हणून. दोन-दोन कोंबड्या. नव्वदीची बाई." आईनं मांडीवरचा हात उलटा केला, परत सुलटा केला. "नीट सांगितलं असतं तर एकदाच रडली असती."

मी दोन्ही तिथ्या लिहिल्या. पुढची नावं वाचली. खिडकीबाहेर कुणीतरी कलिंगडं विकत गेला, त्याच्या भोंग्यावरचं रेकॉर्ड केलेलं ओरडणं लांब जाईपर्यंत आम्ही थांबलो. एकशे ऐंशी. एक्याऐंशी. मावशीच्या सासूची नोंद अर्धी होती, ती आईनं पुरी केली. मग यादी संपली आणि खाली हिरवी रेघ लुकलुकत राहिली, नवं नाव मागत.

"घाल," आई म्हणाली. "त्यांच्याच यंत्रात एकदा तरी असू देत. मग पुसू दे तामला."

मी बांचं पूर्ण नाव टाइप केलं, चिन्हांशिवाय. तसं ते कुणाही माणसाचं असू शकलं असतं. तारीख टाकली, एकवीस सप्टेंबर. पडद्यानं वेळ विचारली. खाली कंसात बांनी स्वतः लिहिलेली ओळ होती: अकरानंतर असेल तर नक्की सांगा.

"दहा लिही," आई म्हणाली. ती माझ्याकडे वळली होती, मान वाकडी करून, म्हणजे ती मला बघत होती. "दहालाच मला फोन करावासा वाटला होता. केला असता तरी..."

"आई," मी म्हटलं. बोटं कीबोर्डवर होती, ती मी मांडीवर घेतली. "सव्वाअकराला बांचा मला फोन आला होता. मी जागी होते. नाव बघितलं, आणि उचलला नाही. मला वाटलं, परत तेच विचारतील."